दादा आला का?

आमच्या लॅबमधले किस्से फ्रीझरमधल्या बर्फासारखे आहेत. शनिवारी खरवडून काढा, सोमवारी पुन्हा बोटभर थर! तेव्हा आज थोडा खरवडतोच. मी काही लिहिणारा माणूस नाही. नववीत मी शाळेला आणि शाळेने मला एकाच दिवशी रामराम केला. पण हे किस्से मी सांगितले नाहीत तर शबाना सांगेल, आणि तिच्या प्रत्येक किश्शात वेडा मीच ठरतो.

आधी ओळखी. लॅब खराडीत, आयटीवाल्यांच्या काचेच्या इमारतींच्या मागे. प्रमुख लेले मॅडम, सदाशिव पेठेतल्या. राग आला की त्या आवाज चढवत नाहीत, उलट जास्त आदराने बोलतात. शबाना सीनियर टेक्निशियन. महेश, म्हणजे माझा थोरला भाऊ, तोही टेक्निशियन. मी त्याला दादा म्हणायचो, म्हणून सगळी लॅबच दादा म्हणायला लागली. मॅडम तेवढ्या शेवटपर्यंत ‘महेश’च म्हणत. आणि मी गणेश. दवाखान्यांतून रक्ताच्या नळ्या बाइकवरून आणायच्या आणि नायट्रोजनची टाकी सांभाळायची, ही माझी दोन कामं.

लॅबचं काम काय? कोरोना होऊन गेल्यावर किंवा लस घेतल्यावर शरीरातल्या पेशींना तो व्हायरस किती लक्षात राहिलाय ते मोजायचं. आणि झटपट मोजायचं! सगळी मारामारी त्या ‘झटपट’साठी.

*

माझा पहिला दिवस. दादाने डबा हातात दिला. "कॅम्पातून बारा नळ्या आणायच्यात. जपून आण."

जपून म्हणजे कसं, ते मी माझ्या डोक्याने ठरवलं. लसवाले डब्यात बर्फ ठेवतात, हे मी टीव्हीवर पाहिलेलं. एप्रिलचं ऊन मी म्हणत होतं. मुंढव्याच्या अलीकडे रसवंतीवर थांबलो, दोन ग्लास रस प्यायलो आणि डबाभर बर्फ मागून घेतला. नळ्या एकदम गारेगार!

लॅबमध्ये डबा उघडला आणि दादाने कपाळावर हात मारला. "गण्या, लस नाहीये ती! जिवंत रक्त आहे. असं गारठवलं की त्यातल्या पेशी सुन्न होतात, मग त्यांना कशाचीच आठवण येत नाही!"

मॅडम आल्या. डब्यात वाकून पाहिलं. "वा! लिंबूही आणायचंत, गणेश. सरबत झालं असतं."

त्याच संध्याकाळी दादाने मला टाकी दाखवली. झाकण उचललं तर पांढरा धूर. आत वजा एकशे शहाण्णव! "यात पेशी वर्षानुवर्षं जिवंत राहतात," दादा म्हणाला.

मी भडकलो. "बर्फात सुन्न होतात आणि यात जगतात? शेंडी लावतोस का मला?"

"एकदम गार नाही करायचं रे. आधी औषध घालायचं, मग मिनिटाला एक डिग्री. हळूहळू नेलं की सगळं सोसतं."

*

पेशींचं प्रकरण माझ्या डोक्यात शिरेना, तेव्हा दादाने मला चार वाक्यांत समजावलं.

"अँटीबॉडी म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन. तो सहा महिन्यांनी नोकरी सोडून जातो. आणि टी-सेल म्हणजे दुसऱ्या मजल्यावर गॅलरीत बसणाऱ्या काकू. दहा वर्षांपूर्वी कोण आलं होतं, कोणत्या रंगाचा शर्ट होता, सगळं लक्षात!"

मागे मॅडम उभ्या! आम्हाला पत्ताच नाही.

"महेश," त्या म्हणाल्या, "माझ्या पीएचडीच्या वेळी तुम्ही कुठे होतात? चारशे पानं वाचली असती."

*

पण या काकूंची साक्ष काढायला वेळ फार लागायचा. रक्तातून पेशी वेगळ्या करा, मोजा, ताटलीत व्हायरसच्या नकली तुकड्यांबरोबर रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी ठिपके मोजा. एक ठिपका म्हणजे ओळख पटलेली एक पेशी. रिपोर्ट हातात पडायला तीन-चार दिवस.

आमचे एक नेहमीचे पेशंट होते, जोशी सर. नारायण पेठेतले रिटायर्ड मास्तर, किडनी बदललेली. किडनी टिकावी म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू, त्यामुळे लसी घेऊनही अँटीबॉडी शून्य. त्यांना एकच गोष्ट हवी होती. नातवाच्या मुंजीला जायचं होतं! आणि डॉक्टर म्हणत, पेशी काय सांगतात ते बघू, मग ठरवू. बरं, गोळ्यांचा डोस दर थोड्या दिवसांनी बदले, की जुना रिपोर्ट बाद.

एकदा मी रक्त न्यायला गेलो तर सर म्हणाले, "काय हो, किती दिवस लागतील या खेपेला?"

"चार, सर."

"हरकत नाही. सावकाश होऊ द्या. मुंज नाही जमली तर सोडमुंजीला जाईन."

हे मी लॅबमध्ये जसंच्या तसं सांगितलं. सगळे हसले. शबाना मात्र हसली नाही. ती उठून फळ्याकडे गेली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘एका दिवसात!’ तो फळा आजतागायत पुसलेला नाही.

*

दादा ‘कंट्रोल’ कसा झाला?

प्रत्येक तपासणीत एक रक्त असं लागतं, ज्याचा निकाल आपल्याला आधीच पक्का माहीत असतो. ते बरोबर आलं तर बाकीचे निकाल खरे. ते चुकलं तर सगळं केराच्या टोपलीत. त्याला कंट्रोल म्हणतात. मॅडमनी सगळ्या स्टाफचं रक्त तपासलं. शबानाचे ठिपके बरे. माझे इतके कमी, की मॅडम म्हणाल्या, "गणेश, तुमच्या पेशीही नववीपर्यंतच शिकल्या वाटतं."

आणि दादाची ताटली? ठिपक्याला ठिपका चिकटलेला! मशीनने मोजायचंच नाकारलं. स्क्रीनवर आलं, ‘मोजण्यापलीकडे.’

दादाची कॉलर ताठ. "दोनदा कोरोना काढलाय, मॅडम. फुकट नाही काढला!"

झालं! फॉर्म भरून, सही करून दादा ठरला कंट्रोल. त्याचं रक्त घेतलं, पेशी वेगळ्या केल्या, छोट्या छोट्या नळ्यांत भरून टाकीत ठेवल्या. नळ्यांवर नियमाप्रमाणे नंबर. पण डब्याच्या झाकणावर शबानाने मार्करने लिहून टाकलं, ‘दादा.’

तेव्हापासून आमची भाषाच बदलली. तपासणी लावली की प्रत्येकाचा एकच प्रश्न: "दादा आला का?" म्हणजे कंट्रोल बरोबर आला का!

*

एकदा लॅबची तपासणी करायला एक साहेब आलेले. कोट, टाय, हातात फाइल. ते दारात, आणि आत शबानाचं मला हुकूम सोडणं चाललेलं.

"दादाला गरम पाण्यात धर! दोन मिनिटं हलव! अरे, दादातले किती मेले बघ आधी!"

साहेबांचं पेन थांबलं. "हे... दादा कोण?"

दादा नेमका त्यांच्याच मागे चहाचा ट्रे घेऊन उभा. "मीच, सर. पण आज बरा आहे."

*

आता माझा लाडका किस्सा. गुरुवारचा.

शबानाने नवी रीत शोधली होती. पेशी वेगळ्या करायच्याच नाहीत! रक्तात थेट व्हायरसचे तुकडे टाकायचे आणि चार तास अंगाइतक्या उबेत ठेवायचं. ओळख पटली की पेशी बोंब ठोकतात. ती बोंब पकडायला पीसीआर मशीन, जे कोरोनात गल्लोगल्ली घेतलं गेलं आणि आता नुसतंच बसून होतं. बोंब जितकी मोठी, तितकी स्क्रीनवरची रेघ लवकर वर चढते. सकाळी रक्त, संध्याकाळी निकाल!

पण तीन वेळा करून पाहिलं, एकही रेघ हलली नाही. चौथ्या वेळी नळ्या उबेला ठेवल्या आणि लाइट गेली. गुरुवार! पुण्यात गुरुवारी लाइट जाते हे तान्ह्या पोराला माहीत, पण आम्ही उत्साहात विसरलो. जनरेटर दोनदा खोकला आणि गप्प बसला. उबेची पेटी गार पडायला लागली. शबाना रडायच्या बेताला.

दादाने काय करावं? झाकणं तपासली, नळ्या दोन पिशव्यांत घालून बंद केल्या, शर्टाची बटणं काढली, पिशवी काखेत धरली आणि मला म्हणाला, "गण्या, फर्स्ट एडमधली पट्टी आण. बांध!"

चार तास! माणूस खुर्चीत पुतळ्यासारखा. चहा डाव्या हाताने. वडापाव मी भरवला. शबाना दर दहा मिनिटांनी थर्मामीटर लावायची आणि म्हणायची, "दादा, अर्धी डिग्री कमी आहे, जरा चिडून बघा ना!"

मॅडम मीटिंगवरून आल्या. "महेश, हे काय आहे?"

"इनक्युबेटर, मॅडम."

"असं. मग काखेचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट फाइलला लावा. हा रन बाद."

रन म्हणजे तपासणीचा एक फेरा. बाद तर बाद! लाइट आल्यावर आम्ही मशीन लावलंच. आणि रेघा चढल्या! पहिल्यांदा! शबाना किंचाळली, मी टेबलावर चढलो, दादा काखेला पट्टी तशीच ठेवून नाचला! मागाहून कळलं, उबेची पेटीच खोटं बोलत होती. बाहेर दाखवायची सदतीस, आत पुरती ऊब नव्हतीच. म्हणून आधीचे तीन रन फसले होते.

मॅडमनी स्क्रीनवर वाकून सगळ्या रेघा बोटाने मोजल्या. मग म्हणाल्या, "काखेत कळसा म्हणतात, तो हा."

*

मग दादा गेला.

हडपसरला गाडीतळाजवळ, रविवारी सकाळी, टँकरखाली. कोरोनाला दोनदा पुरून उरलेला माणूस. हळूहळू काही झालंच नाही.

पाच महिने झाले. याचा किस्सा होत नाही. पुढचा सांगतो.

*

तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी मी कामावर गेलो. घरी बसवेना. नळ्यांचा डबा घेऊन जिना चढतोय, तर आतून आरोळी.

"दादा आ गया! दादा आ गया!"

डबा दाराशी बसलेल्या वॉचमनच्या मांडीवर ठेवला आणि पळालो. बुटांसकट थेट आतल्या खोलीत. तिथे एक अनोळखी पोरगा मशीनपुढे उभा. मी त्याची कॉलर धरली. "कुठंय? कुठंय दादा?"

त्याने स्क्रीनकडे बोट केलं. "भैया... पॉझिटिव्ह कंट्रोल..."

हा अंकित. इंदूरचा. दादाच्या जागी आदल्याच आठवड्यात आलेला. शबानाने माझ्या मुठीतून त्याची कॉलर सोडवली, त्याला कोपऱ्यात नेऊन सगळं सांगितलं. तो परत आला तेव्हा चेहरा पांढराफटक.

"भैया, माफ करना. मुझे लगा दादा किसी कंपनी का नाम है."

मी हसलो! दोन आठवड्यांत पहिल्यांदा. हसता हसता काय झालं ते सांगत नाही, शबाना सांगेल.

दुसऱ्या दिवशी ती स्पिरिटचा बोळा घेऊन डब्यावरचं नाव पुसायला बसली. मी ओरडलो, "हात लावून तर बघ!" तिने बोळा टाकून दिला. आणि त्या दुपारी मॅडम केबिनमधून बाहेर आल्या. दादाला कधी दादा न म्हणालेल्या मॅडम. चष्मा पुसत, कुणाकडेच न बघता त्यांनी विचारलं, "दादा आला का?"

*

पण प्रत्येक रनला एक नळी संपते. टाकी माझ्या ताब्यात, त्यामुळे मोजणी मला पाठ. नऊ. सहा. चार. दोन.

एक.

आणि नेमकी तेव्हाच मॅडमनी घोषणा केली. शेवटचा मोठा रन! तीस जणांचं रक्त, जुनी रीत आणि नवी रीत शेजारीशेजारी. जमलं तर आपली एका दिवसाची तपासणी खरी ठरली, दवाखान्यांना देता येईल. तिसांत जोशी सरही होते. मुंज दहा दिवसांवर! आणि कंट्रोल आतापर्यंतचाच हवा. मधेच बदलला तर आधीच्या सगळ्या रनांशी तुलना संपली.

मी काय केलं? टाकीत नायट्रोजन भरताना ‘दादा’च्या डब्यातली ती शेवटची नळी उचलली आणि खालच्या रिकाम्या डब्यांत दडवली. विचार केला नाही. हाताने केलं.

दुसऱ्या दिवशी अंकितची बोंब: "दादा गायब है!"

दिवसभर शोधाशोध. संध्याकाळी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"गणेश, टाकीच्या किल्ल्या दोन. एक माझ्याकडे असते. मी काही लपवलं असतं, तर मला आठवलं असतं."

मी खिशातली किल्ली चाचपली.

"फॉर्मवर सही त्यांची आहे," मॅडम म्हणाल्या. "तरी तुम्ही नको म्हणालात तर ती नळी मी काढणार नाही. नवा कंट्रोल शोधू, पहिल्यापासून सुरू करू. वर्ष जाईल, जाऊ दे. फक्त तोंडाने सांगा. टाकीतले गार डबे उपसून अंकितची बोटं सोलून निघाली आहेत."

घरी गेलो. आई लसूण सोलत होती. आई मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यावर काट्यापाशी असते, वीस वर्षं झाली. मी एका दमात सांगून टाकलं. "आई, दादाच्या रक्तातलं थोडं लॅबमध्ये राहिलंय. शेवटची नळी. जिवंत आहे."

तिचा हात थांबला. "काय करत्यात त्याचं?"

"काट्यावर आधी माप ठेवून बघतात ना, काटा खरा आहे का? दादा म्हणजे ते माप. त्याच्यावरून बाकीच्यांचं खरं-खोटं ठरतं."

"अन् तू काय केलंस?"

"लपवलं."

लसणाचा अख्खा गड्डा माझ्या कपाळावर बसला!

"मापात पाप? आं? वीस वर्षं काट्यापाशी उभी हाय मी, कुणाची टाप न्हाई झाली मला आसं म्हणायची. अन् माझ्याच घरात? माप काय लपवून ठिवायची चीज हाय व्हय रं?"

मी रडायला लागलो. तीही. मग पदराने डोळे पुसून तिने पुन्हा लसूण उचलला.

"कवाचा तिथं गारठ्यात बसलाय त्यो. उद्या काढ भायेर, कामाला लाव. मी येती संगं."

*

आणि हा कालचा.

सकाळी आई आली. नवं लुगडं, हातात डबा: बाजरीची भाकरी, मेथीची पातळ भाजी, वर लसणाचा ठेचा. दादाचं आवडतं. मॅडमनी तिला केबिनमध्ये बसा म्हटलं, तर ती म्हणाली, "नगं, हितंच बरं हाय," आणि बाहेरच्या बाकावर बसली.

नळी मीच काढली. शबानाने कोमट पाण्यात धरून हलवली. पाणी झालं तसा एक थेंब निळ्या रंगात मिसळून तिने मायक्रोस्कोपखाली ठेवला. मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत पांढऱ्या राहतात. तिने बघितलं आणि खुर्ची सोडली. "गणेश, तू बघ."

मी बघितलं. सगळीकडे पांढरंच पांढरं! चमकत होतं!

अर्ध्या पेशी जुन्या रीतीला, अर्ध्या नवीला. जुनीचा निकाल दुसऱ्या दिवशी येणार होता. नवीच्या एकतीस नळ्या उबेत गेल्या, तीस लोकांच्या आणि एक दादाची. चार तास. कुणी जेवलं नाही. मी सहा वेळा जिना उतरलो आणि चढलो. मॅडमनी एकच फाइल तीनदा वाचली, त्यातली एकदा उलटी. मग मशीन सुरू झालं. आम्ही सगळे त्या स्क्रीनपुढे. सपाट रेघा. सपाट. सपाट. बाहेर आई उठली, पॅन्ट्रीत जाऊन डबा गरम करून आली आणि पुन्हा बाकावर बसली.

आणि एक रेघ उचलली! तिसांच्याही आधी, एकटीच, सरळ वर! मागून बाकीच्या. जोशी सरांचीही होती, जरा दमत, पण चढत होती! शबानाने मॅडमना मिठी मारली. मॅडमनी मारू दिली!

अंकित खुर्चीवर उभा राहिला आणि पाच महिन्यांत शिकलेल्या सगळ्या मराठीत ओरडला, "दादा आला! सगळ्यांच्या आधी आला! दादा आला!"

मी दारात गेलो. आई बाकावर थोडी सरकून बसली होती, शेजारी एक माणूस मावेल इतकी. डब्याचं झाकण उघडत, वर न बघता ती म्हणाली, "आला? मग हातपाय धुऊन घ्यायला सांग. आत्ताच गरम केलंय."